लहान घराची फेररचना : जमीन, हवा आणि भार

घर लहान आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात बहुधा एकच माप असते, ते म्हणजे जमिनीचे क्षेत्रफळ. बारा फूट लांब व दहा फूट रुंद खोली म्हणजे १२० चौरस फूट, एवढा हिशेब मांडून आपण थांबतो. परंतु खोलीत राहणारा माणूस केवळ जमीन वापरीत नाही. तो तेथील हवा वापरतो, खिडकीतून येणारा उजेड वापरतो, भिंतींचा आधार घेतो. आणि त्याचे व त्याच्या सामानाचे ओझे घराचा सांगाडा अहोरात्र वाहत असतो. लहान घरात फेरफार करून जागा वाढवू पाहणारे लोक पुष्कळदा जमीन मिळवितात आणि हवा गमावतात. किंवा सामानाची सोय करतात आणि जे ओझे घराने कधी वाहावयाचे नव्हते ते त्याच्या अंगावर टाकतात. मिळालेली जागा डोळ्यांना दिसते. गमावलेली हवा दिसत नाही, आणि वाढलेला भार तर भेग पडेपर्यंत कळत नाही. ह्या तिन्ही गोष्टींचा हिशेब एकत्र कसा मांडावा, हा ह्या पाठाचा विषय आहे.

हा प्रश्न थोड्या लोकांचा नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भारतातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, आणि आणखी सुमारे ३२ टक्के कुटुंबांपाशी दोनच खोल्या होत्या. मुंबईत १९२० नंतर सरकारी विकास खात्याने बांधलेल्या चाळींत एकेका कुटुंबासाठी १६० चौरस फुटांची खोली असे; त्या चाळींच्या जागी आता उंच इमारती उभ्या राहत आहेत. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेने शहरांतील दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौरस मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट धरले, आणि ग्रामीण भागासाठी किमान २५ चौरस मीटरांचे घर ठरविले. म्हणजे नवे घर मिळाले तरी ते लहानच असणार. तेव्हा आहे त्या जागेचा उपयोग कसा करावा हे ज्ञान बराच काळ कामास येणारे आहे.

उदाहरणादाखल आपण एक घर डोळ्यांपुढे ठेवू. बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी एक खोली; तिला लागून लहानसे स्वयंपाकघर, न्हाणीघर व एक सज्जा; आणि राहणारी माणसे चार, दोन प्रौढ व दोन शाळेत जाणारी मुले.

मोजणी आधी, मोडतोड नंतर

फेररचनेचे पहिले हत्यार हातोडा नसून मोजपट्टी होय. चौकटींच्या वहीचे एक पान घ्यावे, एका चौकटीची बाजू अर्धा फूट धरावी, आणि त्या प्रमाणात खोलीचा आराखडा काढावा. दारे, खिडक्या, तुळया, पाण्याचे नळ, विजेची बटणे ही सर्व आपापल्या जागी दाखवावी. मग खाट, कपाट, टेबल, पेटी ह्या वस्तू त्याच प्रमाणात जाड कागदातून कापून आराखड्यावर मांडाव्या. शाळेतील विद्यार्थ्यांनी हा प्रयोग स्वतःच्या घराबाबत अवश्य करावा. लोखंडी कपाट चार माणसांनी उचलून हलविण्यापेक्षा कागदाचे कपाट बोटाने हलविणे सोपे असते, आणि चुकीची मांडणी पाच मिनिटांत ध्यानात येते.

ह्या आराखड्यावर दार उघडतानाची वाट कंपासाने काढून पाहावी. अडीच फूट रुंदीचे दार उघडताना पाव वर्तुळाएवढी जमीन अडविते, आणि तिचे क्षेत्रफळ जवळजवळ पाच चौरस फूट भरते. खोलीत अशी दोन दारे असली आणि दीड-दीड फुटी दोन झडपांचे कपाट असले, तर तेरा चौरस फुटांहून अधिक जमीन केवळ दारांच्या हालचालीसाठी मोकळी ठेवावी लागते. १२० फुटांतील ही नववा भाग जमीन कोणाच्याही हिशेबात नसते. सरकते दार बसविले की ती सुटते. मात्र सरकत्या दाराला शेजारची तेवढीच भिंत मोकळी लागते, हे विसरू नये. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे असलेले बरे. त्यामुळे आत दोन-अडीच फुटांची सोय होतेच. शिवाय कोणी आत घसरून पडले तर दार त्याच्या अंगाला अडकत नाही.

दुसरे मोजमाप माणसाचे. एका माणसाला सुखाने जाण्यास दोन फूट रुंदीची वाट पुरते. निजावयास साडेसहा फूट लांब व अडीच फूट रुंद जागा लागते. मांडी घालून बसणाऱ्यास अडीच फूट लांबी-रुंदी हवी आणि ताटासाठी पुढे फूटभर. उभ्या माणसाचा हात सहा-साडेसहा फुटांपर्यंत सहज पोहोचतो. त्यावरील फळीसाठी स्टूल घ्यावे लागते. ही मापे घरातील माणसांवरूनच घ्यावी. पुस्तकातील सरासरी माणूस आपल्या घरात राहत नसतो.

प्रसिद्ध वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए ह्यांनी, चंदीगडचे काम चालू असतानाच्या काळात, १९५१-५२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर स्वतःसाठी एक लाकडी खोपटी बांधली. तिची लांबी व रुंदी प्रत्येकी ३.६६ मीटर, म्हणजे नेमकी बारा फूट होती आणि उंची अवघी २.२६ मीटर. शरीराच्या मापांवरून खोली कशी आखावी ह्याचा नमुना म्हणून तिचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो योग्यही आहे. तथापि तीत स्वयंपाकघर नव्हते. जेवणाची सोय शेजारच्या खानावळीत होती, आणि तेथे जाण्यास भिंतीतूनच दार होते. आपल्याकडे तेवढ्याच खोलीत चार-पाच माणसांचे कुटुंब स्वयंपाकासह संसार करते. त्या संसाराचे आराखडे मात्र क्वचितच कोणी काढून ठेवले आहेत.

एकच जमीन, अनेक वेळा

जमिनीचे क्षेत्रफळ वाढविता येत नाही, परंतु तिचे तास वाटून देता येतात. ह्यासाठी आपण एक माप कल्पू व त्याला चौरस फूट-तास म्हणू. आपल्या खोलीची १२० चौरस फूट जमीन दिवसाचे चोवीस तास मिळते, म्हणजे रोजची पुंजी २,८८० चौरस फूट-तास झाली. आता ह्या खोलीत सहा फूट रुंद व साडेसहा फूट लांब असा दोघांचा पलंग आणला, तर तो ३९ चौरस फूट, म्हणजे जवळजवळ तृतीयांश खोली व्यापतो. तो दिवसाला ९३६ चौरस फूट-तास खर्च करितो आणि आठ तासांच्या झोपेत त्यांपैकी ३१२ कामास येतात. उरलेले ६२४ तास त्या जागेवर केवळ चादर पसरलेली असते. लहान घरातील सर्वांत महाग वस्तू कोणती, ह्याचे उत्तर दुकानातील किमतीवरून न देता ह्या हिशेबावरून द्यावे.

आपल्या पूर्वजांना हे न मोजताही ठाऊक होते. अंथरुणाची वळकटी सकाळी कोपऱ्यात गेली की निजावयाची खोली बसावयाची होते, दुपारी जेवणाची होते, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासाची होते. उत्तर भारतात चारपाई उन्हाळ्यात रात्री गच्चीवर किंवा अंगणात जाते आणि दिवसा भिंतीला उभी टेकविली जाते. जपानी घरातही हीच रीत आहे : तेथे जमिनीवर साधारण सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशा तातामी चटया पसरलेल्या असतात, खोलीचे माप ह्या चटयांच्या संख्येत सांगतात, आणि सकाळी गाद्या भिंतीतील खोल कपाटात ठेवून देतात.

ह्यावरून सर्व फर्निचर घडीचे करावे असा निष्कर्ष मात्र काढू नये. गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला जमिनीवरून उठणे अवघड जाते. त्याला खाट हवीच. रोज चार अंथरुणे गुंडाळून उचलण्याचे काम बहुधा एकट्या गृहिणीच्या वाट्याला येते, आणि ते काम हिशेबात न धरता जागेची बचत झाली म्हणणे अन्यायाचे आहे. शिवाय ज्या वस्तूची घडी दिवसातून चारदा घालावी लागते, तिची घडी महिन्याभराने कोणी घालीत नाही. ती उघडीच राहते आणि वाटेत येते. म्हणून दिवसातून एकदा उघडणाऱ्या व एकदा मिटणाऱ्या वस्तूच घडीच्या असाव्या : भिंतीला बिजागरीवर उभे राहणारे जेवणाचे टेबल, रात्री ओढून रुंद होणारा दिवाण, एकाखाली एक सरकणाऱ्या मुलांच्या खाटा. अभ्यासाचा कोपरा मात्र कायमचा असावा. दोन फूट लांब व दीड फूट रुंद एवढी एक फळी, तिच्यावर दिवा, आणि डावखुऱ्या नसलेल्या मुलाच्या डाव्या हाताला खिडकी, एवढ्याने तो होतो. वही उघडी टाकून उठता येईल अशी जागा मुलाला घरात कोठेतरी मिळाली पाहिजे.

स्वयंपाकघरातील पावले

लहान जागेचा शास्त्रीय विचार प्रथम स्वयंपाकघरात झाला हे लक्षणीय आहे. १९२६ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट शहरात कामगारांसाठी मोठ्या संख्येने घरे बांधली जात होती. त्यांसाठी मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की ह्या ऑस्ट्रियन वास्तुशिल्पी स्त्रीने सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असे एक स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या स्वयंपाकघरात इतक्या प्रवाशांचे जेवण कसे तयार होते, ह्याचा तिने अभ्यास केला. गृहिणीच्या हालचाली घड्याळ लावून मोजल्या. आणि साठवण, धुणे, चिरणे, शिजविणे ह्या क्रिया ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने त्यांच्या जागा लावल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे त्या शहरात बसविण्यात आली. आजचा सलग ओटा व त्याखालची-वरची कपाटे ही त्याचीच वंशज होत.

आपल्या घरी हा अभ्यास करण्यास घड्याळही लागत नाही. एका स्वयंपाकाच्या वेळी डब्यांपासून मोरीपर्यंत, मोरीपासून शेगडीपर्यंत किती फेऱ्या होतात ते मुलांनी मोजावे आणि आराखड्यावर पेन्सिलीने रेघा ओढाव्या. ज्या दोन जागांमध्ये रेघांचे जाळे दाट होते त्या जवळ आणाव्या. रोजचे तांदूळ, पीठ, तेल, मीठ कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात यावे; सणावाराची पातेली वर जावी; जड डबे खाली असावे. ओट्याची उंची ज्या व्यक्तीला तेथे उभे राहावयाचे तिच्या कोपरापेक्षा चार-पाच इंच कमी ठेवावी. पाच फूट उंचीच्या स्त्रीला हे माप ३३ इंचांच्या आसपास येते. गवंडी सगळीकडे एकाच उंचीचा ओटा घालून जातो आणि मग वर्षानुवर्षे खांदे दुखतात.

फ्रांकफुर्टच्या स्वयंपाकघराचा एक दोषही सांगितला पाहिजे. त्यात एकाच माणसाला उभे राहता येई, आणि काम करणारी स्त्री घरातील इतरांपासून तुटून पडे. आपल्याकडे एकजण पोळ्या लाटतो व दुसरा भाजतो. तेव्हा ओट्यासमोर साडेतीन फूट मोकळी जागा ठेवावी, आणि शक्य असेल तर खोली व स्वयंपाकघर ह्यांमधील हलक्या भिंतीत ताटे देण्याघेण्यापुरता झरोका असावा. ती भिंत खरोखरच हलकी आहे ना, हा प्रश्न पुढे येईल.

भिंतींची जाडी आणि फळ्यांची खोली

जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फूट जाड असत आणि त्या जाडीतच कोनाडे व फडताळे सामावलेली असत. केरळात १९७० पासून काम करणारे वास्तुशिल्पी लॉरी बेकर (मृत्यू २००७) ह्यांनी हीच युक्ती नव्या स्वस्त घरांत आणली. विटांचेच बाक, भिंतीतच फळ्या, जाळीची भिंत, अशा रीतीने फर्निचर हे बांधकामाचाच भाग बनविले. नवे घर बांधताना हे उत्तम होय. बांधलेल्या घराच्या नऊ इंची भिंतीत मात्र छिन्नीने कोनाडे खोदू नयेत. ती भिंत वरचे ओझे वाहत असते.

तेथे फळी हाच उपाय. दाराच्या माथ्याच्या वर, सुमारे सात फूट उंचीवर, खोलीभोवती एक फूट रुंदीची फळी फिरविली, तर आपल्या खोलीच्या ४४ फूट परिघापैकी खिडक्या व अडचणीच्या जागा वगळूनही ३० फूट लांबी मिळते. म्हणजे ३० चौरस फूट साठवण झाली आणि जमीन एक इंचही गेली नाही. फळीची रुंदी वस्तूवरून ठरवावी. पुस्तकांना दहा इंच, भांड्यांना बारा इंच, घडीच्या कपड्यांना पंधरा-सोळा इंच आणि टांगलेल्या कपड्यांनाच तेवढे बावीस-चोवीस इंच लागतात. सगळीच कपाटे दोन फूट खोल करण्याची जी रूढी आहे तिच्यामुळे पुढच्या रांगेमागे दुसरी रांग तयार होते, आणि त्या मागच्या रांगेत काय आहे हे दिवाळीच्या साफसफाईलाच कळते. पुस्तकांची फळी भक्कम ठेवावी. फूटभर रांगेचे वजन आठ-दहा किलो सहज भरते.

पोटमाळ्याची कथा उंचीवर अवलंबून आहे. खालून माणूस सुखाने जाण्यासाठी माळ्याखाली २.२ मीटर उंची राहिली पाहिजे. नऊ फुटी खोलीत मग वर जेमतेम दीड फूट उरतो; तो सामानाचा. बारा फूट उंचीच्या जुन्या खोलीत वर साडेचार फुटांच्या आसपास मिळतात, आणि तेथे बसता व निजता येते. पण तापलेली हवा वर जाऊन तेथेच कोंडते. माळ्याच्या पातळीवर झरोका नसेल तर ती निजावयाची जागा नव्हे. भिंतींचा रंग, आरसे इत्यादींविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पांढरी भिंत उजेड परत टाकते आणि खोलीच्या मागच्या भागापर्यंत नेते. त्याने खोली मोठी भासते. मोठी होत नाही.

हवेचा हिशेब

आता न दिसणाऱ्या गोष्टीकडे वळू. आपली खोली १,०८० घनफूट, म्हणजे सुमारे ३०,६०० लिटर हवा धारण करते. झोपलेला माणूस तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायॉक्साइड उच्छ्वासातून सोडतो. चौघांचे ६० लिटर झाले. खोली पूर्ण बंद असेल तर एका तासात त्या वायूचे प्रमाण ०.२ टक्क्याने वाढेल. बाहेरच्या हवेत ते ०.०४ टक्क्यांच्या थोडे वर असते. म्यूनिकचे शास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर ह्यांनी १८५८ साली वसतीच्या खोलीतील हवेत हे प्रमाण ०.१ टक्क्यापेक्षा अधिक नसावे असे सुचविले, आणि तो आकडा आजही आधाराला घेतला जातो. बंद खोलीत चौघेजण अर्ध्या तासाच्या आतच ती मर्यादा ओलांडतात. हा वायू ह्या प्रमाणात विषारी नव्हे. तो केवळ खूण आहे. तो साचला म्हणजे एकमेकांनी सोडलेला श्वास साचला असे समजावे, आणि क्षय, गोवर यांसारखे हवेतून पसरणारे रोग त्याच मार्गाने जातात. मर्यादा पाळावयाची तर ह्या खोलीतील सर्व हवा तासातून तीन-साडेतीन वेळा बदलली पाहिजे.

हवा एका खिडकीने नीट बदलत नाही. आत येणाऱ्या हवेला बाहेर जाण्याची वाट हवी. एक उदबत्ती पेटवून खिडकीजवळ, दाराजवळ व खोलीच्या मध्यभागी धरावी. धूर सरळ वर चढत राहिला तर वारा तेथे पोहोचत नाही. एका दिशेस वळून बाहेर गेला तर पोहोचतो. मग समोरचे दार बंद करून पुन्हा पाहावे. ही परीक्षा फेररचनेपूर्वी एकदा आणि आराखड्यातील प्रत्येक नव्या पडद्याच्या जागी चादर टांगून एकदा करावी. उंच कपाट किंवा पडदी वाऱ्याच्या वाटेत येत असेल तर ती छतापासून दीड फूट खाली थांबवावी.

राष्ट्रीय इमारत संहिता, जी प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली व २०१६ मध्ये सुधारली गेली, ती खिडक्या व झरोके ह्यांचे प्रमाण हवामानावरून ठरविते : दमट उष्ण प्रदेशात जमिनीच्या एकषष्ठांश, कोरड्या उष्ण प्रदेशात एकदशांश, थंड प्रदेशात एकबारांश. आपली खोली कोचीत किंवा मुंबईत असेल तर २० चौरस फूट हवेत, बिकानेरात १२ पुरतील, सिमल्यास १०. येथे एक गोष्ट सहसा निसटते. जुन्या झडपांच्या खिडक्या काढून सरकत्या काचांच्या बसविल्या, तर खिडकीचा आकार तोच राहतो, पण एका वेळी तिचा अर्धाच भाग उघडतो. २० फुटांची खिडकी १० फुटांची झाली आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

सज्जा बंद करून खोलीत घेणे ही लहान घरातील सर्वांत लोकप्रिय फेररचना आहे. ज्या खोलीची खिडकी पूर्वी मोकळ्या हवेत उघडत होती ती आता दुसऱ्या खोलीत उघडते. चाळीस चौरस फूट जमीन मिळाली खरी. तिच्यापायी आतल्या खोलीचा उजेड आणि वारा दोन्ही गेले. करावयाचेच असेल तर बाहेरची बाजू पूर्ण उघडणाऱ्या झडपांची ठेवावी, आणि मधली भिंत व खिडकी जाळीची करावी.

गॅसच्या बाबतीत कोणतीही तडजोड नको. सिलिंडरमधील वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर सुबक दिसावा म्हणून ओट्याखाली घट्ट बंद कपाटात कोंडू नये. कपाटाच्या तळाशी व वरती मोकळी छिद्रे असावी. न्हाणीघरात गॅसवर पाणी तापविण्याचे यंत्र लावलेले असताना तेथला झरोका सामानाच्या कप्प्यासाठी बुजविणे तर प्राणघातक आहे. अपुऱ्या हवेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो, आणि आत स्नान करणाऱ्यास धोका कळण्यापूर्वीच भोवळ येते. असे मृत्यू आपल्या शहरांत दर हिवाळ्यात घडतात. ते यंत्र न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत असावे.

भाराचा हिशेब

एका खोलीच्या दोन खोल्या करण्यासाठी मध्ये साडेचार इंची विटांची भिंत घालावी, असे पुष्कळांस वाटते. आपल्या खोलीत दहा फूट लांब व नऊ फूट उंच अशा भिंतीचे वजन गिलाव्यासह सव्वादोन टन होते. भारतीय मानकाप्रमाणे (आय. एस. ८७५, १९८७) राहत्या खोलीच्या तक्त्यावर माणसे व सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात. आपल्या खोलीचे क्षेत्रफळ ११.१५ चौरस मीटर आहे. म्हणजे सगळ्या खोलीत पसरून धरलेला एकूण भारही सव्वादोन टनच. ही भिंत तेवढे सर्व ओझे एकटी, एकाच रेषेवर आणून ठेवते, आणि माणसे, कपाटे, पाण्याची पिंपे ही त्यानंतर यावयाची असतात. खाली तुळई असल्याची अभियंत्याने खात्री केल्यावाचून वरच्या मजल्यावर अशी भिंत घालू नये. त्याच मापाची, लाकडी चौकटीवर प्लायवुड किंवा बांबूच्या चटयांपासून केलेले तक्ते ठोकलेली पडदी दोनशे-अडीचशे किलोंत होते. तिच्यातून आवाज जातो, हा तिचा दोष खरा. पण ती उद्या काढताही येते.

सज्जाची गोष्ट याहून नाजूक आहे. सज्जा भिंतीतून पुढे आलेली असते व तिला पुढच्या कडेस आधार नसतो, म्हणून तिचा वरचा भाग ताणला जातो आणि लोखंडी गज वरच्या अंगाला घातलेले असतात. चार फूट पुढे आलेल्या व दहा फूट लांबीच्या सज्जावर सुमारे ११०० किलो भार पसरून धरलेला असतो. त्याचा सरासरी जोर भिंतीपासून दोन फुटांवर पडतो. आता पुढच्या कठड्यावर सहा फूट उंचीची साडेचार इंची भिंत चढविली, तर दीड टन वजन थेट चार फुटांवर येते. लांब दांडीच्या टोकाला बादली अडकवून पाहणाऱ्यास हा फरक समजेल : मुळाशी पडणारा ताण योजलेल्या ताणाच्या अडीचपटींहून अधिक होतो, आणि तोही योजलेल्या ताणाशिवाय वेगळा. त्यात नवी फरशी बसविण्यासाठी वरचा थर फोडताना गज उघडे पडले व पाण्याने गंजले, तर जेथे बळ हवे तेथेच ते नाहीसे होते.

भिंत काढण्याविषयी नियम याच तर्काचा. जी भिंत वरच्या मजल्यावरही त्याच जागी उभी आहे, जिच्यावर तुळई किंवा कड्या टेकल्या आहेत, किंवा जी नऊ इंच जाड आहे, ती ओझे वाहणारी समजावी. साडेचार इंची भिंत पडदीच असेल असेही गृहीत धरू नये. जुन्या घरांत कधी काळी लाकडी खांब वाकल्यावर तीच भिंत वरच्या ओझ्याखाली येऊन बसलेली असते. बहुमजली इमारतीत हा निर्णय एका कुटुंबाचा नसतो, कारण तळमजल्यावर काढलेल्या भिंतीचा परिणाम चौथ्या मजल्यावरच्या कुटुंबाला भोगावा लागतो. संस्थेची व नगरपालिकेची परवानगी घेण्यामागील कारण हेच आहे.

कामाचा क्रम

आराखडा पक्का झाल्यावर काम कोणत्या क्रमाने करावे ह्यावर खर्च बराच अवलंबून असतो. प्रथम गळती. न्हाणीघर व मोरी ह्यांची जमीन फोडावयाची असेल तर ती आधी फोडून जलरोधक थर द्यावा, आणि चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पाणी तुंबवून खालच्या मजल्यावर ओल येते का ते पाहावे. मग नळ व विजेच्या तारा, त्यानंतर गिलावा, मग फरशी, पडदी आणि फळ्या, रंग सर्वांच्या शेवटी. पावसाळ्यात गिलावा लवकर वाळत नाही, आणि ओल्या भिंतीला लावलेल्या लाकडाला बुरशी धरते. तेव्हा ह्या कामासाठी दसऱ्यानंतरचे महिने निवडावे. रंग झाल्यावर सगळे जुने सामान एकदम आत आणू नये. अंथरुणे, भांडी व मुलांची पुस्तके एवढीच आणून आठ दिवस राहावे, आणि त्या आठ दिवसांत ज्या वस्तूची आठवण झाली ती आणावयास जावे.